हाक मारून पाहिलेली नावं

विकायला काढलेली वस्तू विकली जाऊ नये म्हणून दिवसभर झटणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या एका आतल्या गल्लीत त्यांचं घर होतं. गच्चीवरच्या खोलीत मी भाड्याने राहायचो, मधल्या मजल्यावर ते आणि मामी, आणि तळमजल्यावर दोन संगणक, तीन खुर्च्या आणि एक कुरकुरणारा पंखा मिळून त्यांचं दुकान. दुकानात विकायला होती फक्त नावं. इंटरनेटवर कुणाला स्वतःचा पत्ता हवा असला तर त्या पत्त्याचं नाव आधी नोंदवावं लागतं, मुदत संपली की पुन्हा नोंदवावं लागतं, आणि एकदा एकाने घेतलं की ते दुसऱ्याला मिळत नाही. हा धंदा तेव्हा इतका नवा होता, की गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटे, रायर बाळांची नावं सुचवतात. तंजावरकडच्या मराठी माणसाला तमिळ लोक रायर म्हणतात. मी त्यांना मामा म्हणायचो. मामी तर 'ऐकलें काय?' एवढ्यावरच भागवत. त्यांचं स्वतःचं नाव कुणी उच्चारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नव्हतं.

मी चेन्नईत आलो होतो गिंडीतल्या एका कारखान्यात. यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत करायचं काम होतं. बार्शीला माझे वडील शिक्षक, पण त्यांचा खरा व्यवसाय पत्रकं काढण्याचा. पाणी आलं नाही, पत्रक. रेशनमध्ये खडे निघाले, पत्रक. मी अक्षरं शिकलो तीच त्या गुलाबी कागदांवरून, त्यामुळे वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह नसलं तर मला ते वाक्य अपुरं वाटे. कामगारांसाठीची धोक्याची सूचना कारखान्याने सगळ्यांत बारीक अक्षरात छापायची ठरवली, तेव्हा तिसऱ्याच महिन्यात मी राजीनामा फेकला आणि घरी येऊन मामांना सांगितलं, की आता खोली सोडावी लागेल. ते दाराच्या बिजागरीला खोबरेल तेल घालत होते. "बहुत बरें केलेंस, तंबी," ते म्हणाले. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. "उद्यां खालीं ये. मज मराठी पाहिजे."

त्यांना मराठी पाहिजे होती, तेलुगू पाहिजे होती, कन्नड पाहिजे होती. तमिळ तर होतीच. ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाही दारावर स्वतःचं नाव, स्वतःच्या लिपीत लावता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. असं वाक्य मी आजवर फक्त वडिलांच्या पत्रकांत वाचलं होतं. पण वडिलांच्या चळवळीत निदान शिस्त होती. मामांच्या धंद्यात गिऱ्हाईक आत आलं, की पहिली गोष्ट म्हणजे मामा त्याला घेऊन गच्चीवर चढत. तिथे कठड्याशी उभं राहून ते हवं असलेलं नाव खच्चून ओरडत. एकदा, दोनदा, तीनदा. खाली गल्लीत कुणी वळून पाहिलं तर नाव पास. कुणीच वळलं नाही तर गिऱ्हाइकाला मामींच्या हातची कॉफी देऊन परत पाठवत. "ज्या नांवानें हांक मारितां येत नाहीं, तें नांव कशास?" टाय घातलेला एक तरुण असाच आला होता. त्याला पाहिजे असलेल्या नावात दोन इंग्रजी शब्द, एक आडवी रेघ आणि शेवटी चोवीस हा आकडा होता. मामांनी ते आडव्या रेघेसकट तीनदा ओरडलं. गल्लीत शांतता. फक्त मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पुरे आतां, शेजारचें लेंकरूं उठेल." तो तरुण कॉफी न पिताच गेला.

गच्चीची परीक्षा पार केली तरी नाव लगेच मिळेल असं नव्हतं. त्याच नावाचं आणखी कुणी गावात आहे का, याचा शोध सुरू होई. मामा जुन्या स्कूटरवरून निघत आणि त्या नावाच्या प्रत्येक दुकानात जाऊन विचारत, 'तुमची हरकत नाहीं ना?' एका साडीवाल्याला हवं असलेलं नाव शहरात आणखी चौघांचं निघालं. चौथा कुंभार होता आणि त्याला संगणक म्हणजे काय ते समजावण्यात मामांची दुपार गेली. कुंभार शेवटी म्हणाला, हरकत नाही, पण साडीवाल्याने एकदा येऊन भेटून जावं. साडीवाला गेला नाही. मामांनी नाव दिलं नाही. "मागावयास लाज वाटते त्यास नांव कशास पाहिजे?" हेही त्यांनी मलाच विचारलं, जणू मी साडीवाल्यांचा प्रतिनिधी होतो.

भाषांच्या कामासाठी रविवारी सकाळी खाली बैठक भरे. शेजारच्या शाळेतल्या तेलुगू बाई, बँकेत असलेले एक कन्नड गृहस्थ, मामा आणि मी. मध्ये इडल्यांचं पातेलं. या व्यवसायाला चारही भाषांत काय म्हणायचं, हाच पहिला प्रश्न होता. मी रात्रभर कोश चाळून 'संकेतस्थळनाम' असा शब्द घडवून नेला. मामांनी तो आदराने वाचला, उठले, आणि इडली हातात तशीच ठेवून गच्चीवर गेले. वरून तो शब्द तीनदा खाली आला. तेलुगू बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. शेवटी मामांचाच शब्द ठरला: 'दारावरचें नांव'. अनुस्वार मी काढून टाकले. त्यावरून आम्ही दोन दिवस बोललो नाही. माझं म्हणणं, महाराष्ट्रात ही भाषा कुणी बोलत नाही. त्यांचं म्हणणं, मग तिकडच्या लोकांनी ती सोडली कां?

कारण त्यांचा सगळा जीव त्या 'तिकडे'त होता. कितीतरी पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं दक्षिणेत आलं ते परत गेलंच नाही. मामा स्वतः तिरुपतीच्या पलीकडे कधी गेलेले नव्हते. संगणकाच्या वर भिंतीवर शाळेतला महाराष्ट्राचा नकाशा लावला होता आणि ते मला सारखे विचारत. बार्शीला पोस्टासमोर काय आहे? पंढरपुरास बत्तासे कोण करितो? साताऱ्यास चपला कोठें शिवतात? मी सांगितलं, की नकाशावर पेन्सिलीने बारीक टिंब. आपलं दुकान तिकडे उघडावं, त्या बत्तासेवाल्याने देवनागरीत स्वतःचं नाव नोंदवावं, आणि त्या नोंदीखाली तंजावरच्या एका रायराची सही असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. व्यवहारात अडचण अशी, की देवनागरीत नोंदवलेलं नाव तेव्हा बऱ्याच संगणकांवर नुसत्या रिकाम्या चौकोनांच्या रांगेसारखं दिसे. मी संतापायचो. मामा त्या चौकोनांकडे कौतुकाने पाहत. "खिडक्या आहेत, तंबी. आंत माणसें यावयाचीं आहेत."

आणि मग पुण्याहून एक भागीदार आला. चटपटीत, सज्जन बोलण्याचा, मांडीवर लॅपटॉप. मराठी, गुजराती, हिंदी, सगळीकडे शाखा काढू म्हणाला, बार्शीतसुद्धा. मामांनी त्याला दोनदा केसरी, म्हणजे तिकडचा केशरी शिरा, वाढला. निघताना त्याने सहज विचारलं, "तुमच्याकडे आधीच घेऊन ठेवलेली नावं किती आहेत? त्यांच्यावरच तर शाखा उभ्या राहतील. ज्याचं त्याला चढ्या भावाने विकायचं." मामांचा चेहरा एकदम मिटला. "उद्यां सांगतों," एवढंच म्हणाले.

आधीच घेऊन ठेवलेली नावं? मला काहीच ठाऊक नव्हतं. ते जेवायला वर गेल्यावर मी संगणकात शोधलं आणि यादी सापडली. तीनशेच्या वर नावं. कोपऱ्यावरचा कॉफीवाला, समईवाला, छत्री दुरुस्त करणारा, तो कुंभार, गल्लीतलं, बाजारातलं एकूण एक दुकान. आणि प्रत्येकापुढे मालक म्हणून मामा. मला कुतूहल होतंच, की रोज दुपारी कापडी पिशवी घेऊन हे जातात कुठे आणि काही न विकता परत येतात कसे. आता कळलं असं वाटलं. टेहळणी! गरिबांची नावं गिळून बसलेला माणूस मला गच्चीवर तत्त्वज्ञान शिकवत होता! मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. मथळा, 'नावांची साठेबाजी मोडून काढा!' त्यात 'गिधाड' होतं, 'लुटारू' होतं, आणि उद्गारचिन्हांची पलटण होती. पन्नास झेरॉक्स काढल्या आणि पहिली नेऊन कॉफीवाल्याच्या हातात ठेवली.

कॉफीवाल्याने ती सुलट धरली, उलट धरली, उजेडाकडे धरली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पत्रक मराठीत लिहिलं होतं. त्या अख्ख्या गल्लीत मराठी वाचता येणारा माणूस एकच होता. आणि कॉफीवाल्याने त्यालाच हाक मारली, "रायर! इकडे या, तुमच्या भाषेतलं काहीतरी आलंय!"

पिशवी घेऊन निघालेले मामा आले. चष्मा लावला. एकदा मनात वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये सांगू लागले. एक शब्द गाळला नाही. 'लुटारू'वर आवाज चढवला. मध्येच थांबून मला मराठीत हळूच म्हणाले, "तंबी, गिधाड तमिळांत बहुत सौम्य होतें. दुसरें कांहीं घालूं काय?" समईवाला, छत्रीवाला, सगळे जमले होते. पत्रक संपलं तसा कॉफीवाला पोट धरून हसू लागला आणि तुटक इंग्रजी-तमिळमध्ये त्याने मला जे सांगितलं ते असं: हा माणूस आठवड्याला एकदा येतो आणि म्हणतो, तुझं नाव माझ्याकडे आहे, कुणी पळवू नये म्हणून घेऊन ठेवलंय, आता तू घेऊन टाक. आम्ही म्हणतो, आमच्याकडे कुठे संगणक आहे, तुमच्याकडेच राहू द्या. तो पुन्हा पुढच्या आठवड्यात येतो. मामांच्या पिशवीत प्रत्येकाच्या नावाचा कागद होता. तो देण्यासाठी ते रोज दुपारी हिंडत, आणि कुणी घेत नसे.

घरी येताना मी मान खाली घालून चाललो होतो. मामा म्हणाले, "पत्रक चांगलें होतें. तुझ्या वडिलांस पाठव." मग दार उघडताना, "अनुस्वार मात्र घालावयास पाहिजे होते."

दुसऱ्या दिवशी पुण्याचा भागीदार आला. मामांनी कॉफी दिली आणि सांगितलं, नावं माझी नाहीत, ती देता येणार नाहीत. "मग शाखा जमणार नाही, काका," तो म्हणाला, आणि खोटं कशाला बोलू, वाईट वाटून म्हणाला. "नावांशिवाय मी तिकडे काय उघडू?" मामा नकाशाकडे पाहत राहिले. सगळी पेन्सिलीची टिंबं तिथेच होती. "मी पोचलों नाहीं तरी चालेल," ते म्हणाले. "ह्यांचीं नांवें परक्या हातीं पोचावयास नकोत." तो गेल्यावर त्यांनी नकाशा उतरवला, घडी केली आणि मला दिला. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

पुढच्या काही वर्षांत कॉफीवाल्याच्या मुलीकडे संगणक आला, मग समईवाल्याकडे. एकेक नाव आपापल्या दारी गेलं. चौकोनांच्या जागी हळूहळू अक्षरं दिसू लागली. शेवटचा कागद कुंभाराचा होता. मामी वारल्या आणि मामा कोइंबतूरला मुलीकडे राहायला गेले, तेव्हा दुकान माझ्यावर सोपवून गेले. रिकामी झालेली यादी पुसताना माझ्या लक्षात आलं, की तीनशे नावांत त्यांचं स्वतःचं नाव कधीच नव्हतं.

मी घराच्या कागदांवरून ते शोधलं. नियम नियम असतो, म्हणून गच्चीवर गेलो आणि कठड्याशी उभा राहून तीनदा हाक मारली. कोपऱ्यावरच्या फूलवालीने मान वर केली. "यारु अदु?" तिने विचारलं. कोण हा? आणि पुन्हा गजरा ओवू लागली.

आता त्या नावाच्या माणसाची परवानगी उरली होती. मी कोइंबतूरला फोन लावला.

"हांक मारून पाहिलीस?" मामांनी विचारलं.

"पाहिली."

"कोण वळलें?"

"कोपऱ्यावरची फूलवाली. पण तिने विचारलं, हा कोण म्हणून."

 मामा म्हणाले, "तिज सांगितलेंस ना, कोण तें?"

"सांगितलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. मग जिना उतरून तिला सांगायला गेलो.