हातकणंगल्याच्या शमीमआपा आणि एलिनॉर बाईंचं संगीत

एलिनॉर बाई गेल्याचं कळलं आणि मी कोल्हापूरला जायचं ठरवलं. या अमेरिकन संगीतकार बाई, मी अमेरिकेत शिकायला होतो तेव्हाच्या माझ्या शिक्षिका. तरुणपणी त्या काही वर्षं कोल्हापुरात मुलींच्या शाळेत गाणं शिकवत होत्या. नंतर तिकडे आयोवा राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात शिकवतच म्हाताऱ्या झाल्या. फारशा गाजल्या नाहीत. त्यांच्या बहुतेक रचनांत एक सूर बाकीच्यांपेक्षा जरा उशिरा येतो. वाजवणाऱ्यांना ती छपाईची चूक वाटते. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "कोल्हापुरात शमीम नावाची मुलगी असं गायची. तिच्याकडून घेतलं."

शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून शमीमआपांचा हातकणंगल्याचा पत्ता लागला.

पुण्याहून सकाळची एसटी बरी. कराडपुढे रस्त्याचं काम चालू आहे, तेव्हा पोचायची वेळ कुणाला कबूल करू नका. स्टँडसमोर कट वडा खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि मिरजेकडची पॅसेंजर धरली. उसातून जाणारा थोडाच प्रवास. हातकणंगले स्टेशनवर आपांचा मुलगा युसूफ मोटारसायकल घेऊन आला होता. माझी व्हायोलिनची पेटी बघून म्हणाला, "पावणं, अम्मीला गाण्याचं काय इचारू नका. घरात कोण गुणगुणलं तरी उठून जाती. बाईंचं नाव काढलं म्हणून या म्हणाली."

आपा सत्तरीपुढच्या, बारीक, ताठ. चहा पुढे करत म्हणाल्या, "बाईंनी मला वर्गातनं काढलं. गॅदरिंगच्या तोंडावर. सगळ्यांच्या मागनं येतीस, गाणं बिघडवतीस म्हणाल्या. त्यानंतर मी तोंड उघडलं न्हाई."

बाईंनी हा भाग मला कधीच सांगितला नव्हता. मी पेटी उघडली. त्यांची दोन व्हायोलिनची एक छोटी रचना आहे. पहिलं व्हायोलिन मी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलं होतं. ते लावलं आणि दुसरं त्यावर वाजवलं, जरा मागून येणारं.

आपा उठल्या नाहीत.

"ही तर मी," त्या म्हणाल्या. "हे लोक वाजवत्यात?"

"हो."

"माझं नाव हाय का कुठं?"

"नाही."

"मग मला एक निरोप धाडायला काय झालतं त्यांना?"

बाईंना मी फार मानायचो, अजूनही मानतो, पण त्या खोलीत त्यांची बाजू घ्यावीशी वाटली नाही. आपा म्हणाल्या, "परत वाजवा." दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले. मग जेवायला बसवलं. पांढरा रस्सा होता. निघताना एवढंच म्हणाल्या, "बाईंना कोण वाईट म्हणाय नको. पण माझंबी नाव घ्या की."

पुण्यातल्या कार्यक्रमात वाजवण्याआधी मी दोन्ही नावं घेतली आणि वर्गातून काढल्याची गोष्टही सांगितली. काही जणांना ती रुचली नाही.

परवा युसूफनं एक रेकॉर्डिंग पाठवलं. आपा स्वयंपाकघरात भाकरी थापताना गुणगुणतायत. त्यांना कळू न देता भरलेलं. मी एकदाच ऐकलं. चाल नवी होती, आणि फार सुंदर होती. वादक मित्रांना तिच्याबद्दल सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांनी मागितली, पण दिली नाही. युसूफला फोन करून म्हटलं, "आधी आपांना विचार."