कागदाची मागची बाजू

कोणताही कागद हातात आला की ते आधी तो उलटा करायचे. अर्ज असो, विजेचं बिल असो, नाहीतर कुणाच्या मुलीची लग्नपत्रिका, पुढे काय छापलंय तिकडे न बघता ते पहिल्यांदा पाठ बघत. पाठ कोरी निघाली की समाधानानं मान हलवत. तिथं काही लिहिलेलं असलं तर कपाळावरचा चष्मा नाकावर येई.

"पुढचं सगळे वाचतात," ते म्हणायचे. "मागे काय आहे ते बघ आधी."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कचेरीच्या जाळीच्या खिडकीमागे बसलेली, शाईनं बोटं निळी झालेली. आपण त्यांना नाव विचारत नाही. आपलं काम झालं की आपण वळतो.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. माझं शाळेचं शिक्षण विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात झालं. वडील शिंपी. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मामा केंद्र सरकारच्या नोकरीत कारकून होते. त्यांची बदली कलकत्त्याला झाली, तेव्हा "पोराला डोकं आहे, माझ्याकडे राहू दे" म्हणून ते मला घेऊन गेले. बी.एस्सी. मी तिथंच केलं. शहरात तेव्हा दर आठवड्याला काहीतरी बंद असायचं. परीक्षा दोनदा पुढे गेली आणि निकाल तर इतका लांबला, की तो लागला तेव्हा मेडिकल कॉलेजच्या अर्जाला जेमतेम नऊ दिवस उरले होते. त्या कॉलेजात पदवीधरांसाठी थोड्या जागा राखलेल्या असत. वयाची अट होती, आणि पुढच्या वर्षी मी त्या अटीत बसणार नव्हतो. म्हणजे जे व्हायचं ते त्या नऊ दिवसांत.

पहिल्याच दिवशी मेडिकल कॉलेजच्या कचेरीत मी अर्ज खिडकीतून आत, त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो उलटा केला. मग गुणपत्रिका उलटी केली. मग विद्यापीठाच्या नोंदणीची चिठ्ठी उलटी केली आणि चष्मा खाली आला.

"ये क्या है?"

चिठ्ठीच्या पाठीवर पुसट जांभळा शिक्का होता. तीन वर्षं ती चिठ्ठी माझ्याजवळ होती, पण तो शिक्का मी कधी वाचला नव्हता. मी दुसऱ्या राज्यातून आलेलो, म्हणून माझी नोंदणी तात्पुरती होती. मूळ मायग्रेशन सर्टिफिकेट जमा केल्यावर ती कायम होणार होती. प्रवेश घेताना मी त्याची नक्कल दिली होती, आणि काम झालं असं समजून मूळ कागद जपून ठेवायला वडिलांकडे पाठवून दिला होता.

"परीक्षा दिलीस, पास झालास," ते हिंदीत म्हणाले. "पण पदवी पुरी झाली नाही. विद्यापीठाच्या लेखी तू अजून पाहुणा आहेस. आणि आमच्या अर्जाच्या मागे काय लिहिलंय? शेवटच्या तारखेच्या आत पदवीच्या सगळ्या अटी पूर्ण हव्यात."

"मेलो!" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी मान वर केली. "मराठी?"

"हो."

"मग मरू नकोस. मागे रांग आहे."

शेजारच्या टेबलावरचे बाबू हसले. "की बर्गीबाबू, देशेर लोक?" म्हणजे, काय, गाववाला का तुमचा? बंगालवर स्वाऱ्या करणाऱ्या मराठी घोडेस्वारांना तिकडे बर्गी म्हणतात. कचेरीत सगळे त्यांना बर्गीबाबूच म्हणायचे. त्यांचे आजोबा कधीतरी कलकत्त्यात येऊन राहिले, आणि हे बागबाजारात जन्मले. "आपल्या लोकांना अडवायला शहराभोवती खंदक खणला होता ना," ते मला नंतर एकदा म्हणाले, "तो आमच्या बागबाजारापासूनच सुरू व्हायचा. मी तर त्याच्या आतच जन्मलो. आता काय करतात!" मराठी बोलताना मध्येच अडखळत. शब्द बंगालीतून घेऊन मराठीत बसवायला त्यांना क्षणभर लागे.

"मूळ कागद कुठाय?"

"बाबांकडे."

"तार कर. आज. आत्ता."

मी तार केली आणि वाट बघू लागलो. रोज सकाळी मामांच्या पत्त्यावरचं टपाल बघायचं आणि दुपारी खिडकीपाशी जाऊन उभं राहायचं.

"आला?"

"नाही, काका."

"मग चहा घे आणि जा."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाबूंनाच माझी दया आली. अर्ज आता घेऊन ठेवा, तो कागद मागाहून लावता येईल, असं ते म्हणाले. काका नाही म्हणाले. "मी आज घेईन. छाननीत कुणीतरी काढून टाकील, आणि याला कळेलसुद्धा नाही. तो घरी वाट बघत बसेल."

मला मात्र तो निव्वळ हट्ट वाटला. घरी मामी म्हणाल्या, "आपला माणूस, आणि एवढंही करत नाही?" दुसऱ्या दिवशी मी थोड्या खोचकपणेच त्यांना विचारलं, "काका, तुम्ही स्वतः कुठवर शिकलात?"

त्यांनी समोरचा कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "मी अपिअर्ड," ते म्हणाले. परीक्षेला बसलेला. तेव्हाचे लोक आपल्या नावापुढे असं लिहीत. मला वाटलं, नापास झाले असतील. मनातून थोडं बरंही वाटलं, हे कबूल करतो.

आठव्या दिवशी सकाळी टपाल आलं नाही. वडीलच आले. दोन दिवसांचा प्रवास करून, हावड्याहून पत्ता विचारत विचारत चालत आले. त्यांनी छातीशी धोतरात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी धरलं होतं. सोडलं तर आत माझं मायग्रेशन सर्टिफिकेट. काच लावून, लाकडी चौकटीत बसवलेलं.

"बाबा, हे काय?"

"घरात आलेला सगळ्यात मोठ्या शिक्क्याचा कागद होता. देवांच्या फोटोंशेजारी लावला होता." ते जरा ओशाळले. "तारेत 'ओरिजिनल' होतं. पोस्टमास्तर म्हणाले, जसंच्या तसं पाहिजे. म्हणून जसंच्या तसं आणलं."

आम्ही तसेच कॉलेजात गेलो. काकांनी चौकट हातात घेतली आणि सवयीनं उलटी केली. मागे प्लायवूड, कडेनं ठोकलेल्या बारीक चुका, टाचणीएवढे खिळे. त्यांनी चाकूच्या टोकानं एकेक चूक काढली. आतला कागद पुठ्ठ्यावर घट्ट चिकटवलेला होता.

"कशानं लावलंत?"

"मैद्याची खळ," वडील जरा अभिमानानंच म्हणाले. "जन्मात निघायची नाही."

काकांनी पुठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "याच्या मागे हेडमास्तरांची सही असते. नंबर असतो. तो बघितल्याशिवाय विद्यापीठ हा कागद घेणार नाही."

"मागे पण असतं?" वडिलांनी विचारलं. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. माझं सगळं आयुष्य त्यांनी स्वतःच्या हातानं चिकटवून टाकलं, असं त्यांना त्या घडीला वाटलं असणार.

मधल्या सुट्टीत काकांनी मागच्या व्हरांड्यात टेबल ओढलं. चहावाल्याची किटली मागवली. पंखा बंद केला. मी घाईनं कागदाचा कोपरा धरायला गेलो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"तुम्ही लावलंत," ते वडिलांना म्हणाले, "तुम्हीच सोडवा."

वडिलांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. ओला रुमाल पिळून त्यांनी पुठ्ठ्याच्या पाठीला लावला, किटलीची वाफ खालून येऊ दिली आणि थांबले. "कॉलरला चिकटवलेलं बकरम काढताना ओढायचं नसतं," ते स्वतःशीच बोलावं तसं बोलले. "आपोआप सैल पडेपर्यंत थांबायचं." शाई फुटेल म्हणून मी श्वास रोखून होतो. काका कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून मान मागे ओढून वाकले होते, आणि शेजारचे बाबू चहाचा कप तसाच हातात धरून बघत होते.

कागद निघाला. नंबर शाबूत होता, सही शाबूत होती. जांभळा गोल शिक्का मात्र अर्धा कागदावर आणि अर्धा पुठ्ठ्यावर राहिला होता.

"पुठ्ठाही ने," काका म्हणाले. "दोन्ही शेजारी ठेव आणि दाखव. आता पळ."

विद्यापीठातल्या बाबूंनी दोन्ही तुकडे उजेडात धरून बघितले, त्यांच्या साहेबांना दाखवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र दिलं. नोंदणी कायम, पदवीच्या सर्व अटी पूर्ण. शेवटचा दिवस होता, खिडकी तीनला बंद होणार होती. सियालदहकडून मोर्चा येत होता, ट्राम जागच्या जागी उभ्या होत्या. मी पत्र शर्टाच्या आत घातलं आणि गर्दीतून वाट काढत पळत सुटलो.

वडील सकाळपासून खिडकीसमोरच्या बाकावर बसले होते. काका खुर्चीवर नव्हते, जाळीपाशी उभे होते. तीनला दहा मिनिटं होती. पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते आधी उलटं केलं. पाठ कोरी होती. मग सुलटं करून दोनदा वाचलं आणि माझ्या अर्जावर शिक्का मारला.

"पुरी झाली," ते म्हणाले.

वडिलांनी खिडकीसमोर हात जोडले. काका एकदम संकोचले. "हात कशाला जोडता? अर्ज पुरा आहे, म्हणून घेतला." मग टेबलाखालची रिकामी चौकट त्यांनी वर काढली. "ही माझ्याकडे राहू दे?"

"ठेवा की," वडील म्हणाले. "जाताना काच फुटायची भीती."

मला प्रवेश मिळाला. पुढची वर्षं त्याच आवारात गेली आणि खिडकीवरून जाताना मी त्यांना हाक मारत असे. डॉक्टर झाल्यावर एकदा त्यांच्या खोकल्यावर औषध लिहून दिलं, तर त्यांनी चिठ्ठी उलटी केली. "मागे काही नाही?" "नाही, काका." "मग घेतो."

माझी नोकरी बिहारमध्ये लागली. ते गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. सुट्टी काढून मी बागबाजारात गेलो. काकूंनी चहा केला. काकांच्या पलंगावरच्या भिंतीवर माझ्या वडिलांची चौकट होती. तीच काच. आत एक जुना, पिवळा पडलेला कागद होता. जवळ जाऊन बघितलं तर ते परीक्षेचं प्रवेशपत्र होतं, पण उलटं लावलेलं. काचेतून दिसत होती ती त्याची पाठ, बारीक अक्षरांतल्या अटी. चौथ्या अटीखाली लाल शाईची रेघ होती. प्रात्यक्षिकांची हजेरी कमी पडल्यास, परीक्षा दिली तरी निकाल धरला जाणार नाही.

"बी.एस्सी.चं आहे," काकू म्हणाल्या. "सगळे पेपर चांगले गेले होते म्हणायचे. पुढची बाजू त्यांनी मलाही कधी दाखवली नाही."

मी चौकट खिळ्यावरून उतरवली आणि उलटी केली. मागे तेच प्लायवूड होतं, कडेनं वडिलांच्याच बारीक चुका, एकेक करून पुन्हा ठोकलेल्या. पलीकडे काकांचं नाव असणार, विषय असणार, विशीतल्या हातानं केलेली सही असणार. टेबलावर चाकू होता.

मी चौकट होती तशी परत टांगली.