बरणीतल्या वर्खाने केलेली माझी तपासणी

थायरॉइडचं ऑपरेशन झाल्यावर मस्कतच्या इस्पितळात मला किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी दिली. गोळी शिशाच्या डब्यातून आली, आणणारी नर्स मी ती गिळताच लगबगीने बाहेर गेली. पोटात घ्यायला औषध आणि शेजारी उभं राहायला धोका, अशी ती वस्तू. काही दिवस तिथे एकटीने काढून मी ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाहला घरी परतले. खरीफ, म्हणजे इथला पावसाळा, ऐन भरात होता. बाहेर सतत भुरभुर आणि कपाटातल्या चपलांना बुरशी. आणखी आठवडाभर वेगळं झोपा, घरच्यांपासून थोडं लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

नवरा बंदरावर क्रेन चालवतो. एवढ्या उंचीवर एकटा बसणारा हा माणूस माझं ताट दाराशी खुर्चीवर ठेवायचा, "यल्ला, चल, जेवून घे," म्हणायचा आणि थेट बाल्कनी गाठायचा.

मुलगी आठवीत. तिचं मराठी अडखळतं, पण प्रश्न अडखळत नाहीत. "मम्मी, जुन्या टाइमला मशीन नव्हत्या, तर बॉडीत रेडिएशन आहे हे कसं कळायचं?"

मला ठाऊक नव्हतं. तिनेच शोधून काढलं. काचेच्या भांड्यात सोन्याची दोन पातळ पानं टांगायची, त्यांना विजेचा भार द्यायचा, की ती एकमेकांपासून फाकतात. जवळ किरणोत्सार असला की हवा तो भार वाहून नेते आणि पानं मिटतात. लोणच्याची बरणी, तांब्याची तार आणि मिठाईवाल्याकडून आणलेला चांदीचा वर्ख एवढ्यावर तिने यंत्र उभं केलं. वर्ख दोन कागदांत धरून कातरायला तिला अख्खी दुपार लागली.

प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासून तिने तारेला लावला. पानं उघडली. बरणी पुढे धरून ती दारात उभी राहिली, आणि पानं हळूहळू मिटली.

"मम्मी, तू पॉझिटिव्ह आहेस."

"मी म्हणालोच होतो," बाल्कनीतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तिच्या मनात आलं की तुलनेला एक साधा माणूसही हवा. तिने वडिलांना उभं केलं. त्यांच्यासमोर पानं माझ्यापेक्षाही लवकर मिटली.

"हे हिच्याकडूनच आलं असणार," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा खरंच उतरला होता. मग तिने फ्रिज तपासला, मग येशूची तसबीर. दोन्ही किरणोत्सारी निघाली.

दोन दिवसांनी तिला कारण सापडलं. दमट हवेत भार आपोआपच निसटतो. जुने शास्त्रज्ञही आधी भांड्यातली हवा कोरडी करून घेत. बुटांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या तिने बरणीत टाकल्या आणि झाकण मेणाने बंद केलं. आता पानं कोणासमोरच मिटेनात.

"मग मम्मी नॉर्मल आहे?" नवऱ्याने विचारलं.

"नाही, डॅडी. बरणीला एवढं थोडं कळतच नाही."

डॉक्टरांनी सांगितलेला आठवडा त्याच संध्याकाळी संपला. ती माझ्या पलंगावर येऊन या यंत्राबद्दल तिला सापडलेलं पुढचं वाचून दाखवू लागली. घड्याळाचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून पूर्वी काही बायका ते रेडियमने रंगवायच्या आणि ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. काही होत नाही, असंच त्यांना सांगितलेलं. पुढे त्यांचा श्वास बाटलीत भरून अशाच यंत्राने तपासला, तेव्हा रेडियम त्यांच्या हाडांत बसलंय हे सिद्ध झालं.

"सिद्ध झाल्यावर त्या बऱ्या झाल्या?" तिने विचारलं.

मी तिच्या खांद्यावरून पुढची ओळ वाचली. "नाही गं. बऱ्याच जणी गेल्या."

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला, पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने माझ्या पायांवर हात ठेवला.