विंगेतून ‘बस’

माझ्या थोरल्या साडूंनी आजवर ज्यांना ज्यांना शिकवलं, त्यांतलं कुणीही काहीही शिकलेलं नाही. आणि त्यांच्याइतका जीव तोडून शिकवणारा माणूस अख्ख्या काळाचौकीत सापडणार नाही. छापखान्यातली नोकरी सांभाळून या माणसाने तीसेक वर्षं कामगारांच्या हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत उभं राहून विसरलेलं वाक्य पुरवायचं, एवढंच काम. पण साडू इतके तत्पर, की नट श्वास घ्यायला थांबला तरी यांचं वाक्य हजर. एका नाटकात बाप मुलीकडे नुसतं बघत उभा राहतो, अशी शांतता दिग्दर्शकाने महिनाभर घासून बसवली होती. साडूंना ती सोसवेना. त्यांनी वाक्य दिलं. नट ढिम्म. त्यांनी आणखी मोठ्याने दिलं. शेवटी प्रेक्षकांतून आवाज आला, “अरे, त्या आतल्यालाच बाहेर आणा.”

निवृत्तीनंतर विंग सुटली, सवय नाही. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा आपल्याला चहा विचारतात आणि आपलं उत्तरही स्वतःच देतात, “अर्धाच द्या म्हणा, आत्ताच झालाय म्हणा.” अशा माणसाच्या खोलीत गुलाब आला. घोडपदेवच्या एका गोदामाबाहेर सापडलेलं हे कुत्र्याचं पिल्लू वर्षभरात वासराएवढं झालं. चेहरा दरोडेखोराचा, मन मात्र लग्नातल्या करवलीचं. दिसेल त्याला पुढचे दोन्ही पाय खांद्यावर टाकून भेटायचं. आणि चाळीची गॅलरी ती केवढी, त्यातून मजल्यावरच्या सगळ्यांची ये-जा.

अण्णांनी शिकवणी सुरू केली. “गुलाब, बस. बस. अरे, बस ना. बसतोस ना? हे बघ, असं,” म्हणत ते स्वतःच गुडघे वाकवून खाली बसायचे आणि खिशातून बिस्किट काढायचे. गुलाब हुशार. सातव्यांदा ‘बस’ झालं की माणूस बसतो आणि मग खाऊ मिळतो, हे तो दोन दिवसांत शिकला. भुंकला की गप्प करायला आणखी एक बिस्किट. तेव्हा बिस्किट हवं झालं की तो भुंकायचा. अण्णा ‘बस’ म्हणत, तेव्हाच आतून ताई, म्हणजे माझी मेहुणी, “गप रव रे मेल्या” म्हणायची. गुलाब दोघांनाही भेटून यायचा. सकाळी खाल्लेल्या चपलेबद्दल अण्णा संध्याकाळी फिरून आल्यावर, तीच चप्पल हातात धरून, त्याला दहा मिनिटं बोलायचे.

“अण्णा, सकाळचं त्याला आता कसं कळणार?” मी एकदा म्हणालो.

“म्हणून तर सविस्तर सांगतोय,” अण्णा म्हणाले.

मग एके दिवशी गुलाब कोपऱ्यावरच्या खोलीतल्या जनीआजीला भेटला. आजीच्या हातात भरलेली बादली होती. आजी पडली नाही, भिंतीला टेकली, एवढंच. पण त्या दिवसापासून सोबतीशिवाय ती गॅलरीत येईना. चाळकमिटी बसली. सेक्रेटरी मालवणचे, तोंडाने फटकळ. “अण्णानु, इतके दिवस बघतंव. कुत्रो बसता की तुमी बसतास, ताच कळणा नाय. येत्या रविवारी आजी बादली घेवन गॅलरीतून जातली. कुत्रो बसलो, तर रवात. नाय तर गावाक धाडूचो.”

गाव म्हणजे देवगड. तिथे माझ्या मेहुण्याच्या आंब्याच्या कलमांच्या राखणीला. म्हणजे गुलाब वर्षातून एकदा दिसणार, तोही अण्णांना एसटी सोसली तर. ताई फोनवर म्हणाली, “दोन दिवस नीट जेवले नाहीत रे. कुत्राही नाही जेवला. एकमेकांकडे बघत बसतात.”

रविवारी सगळा मजला दारांत उभा. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. सेक्रेटरींनी त्यांना कठड्याशी उभं केलं आणि बोट नाचवलं, “तोंड उघडूचा नाय. एक शब्द ऐकलंय, तर नापास.”

आजी निघाली. डोळे अर्धे मिटलेले, ओठांत देवाचं नाव. गुलाब शेपटी हलवत उभा राहिला आणि सवयीने अण्णांकडे वळून बघू लागला. अण्णांकडून काहीच येईना. त्यांनी ओठ दातांखाली दाबून धरले होते. गुडघे वाकायला निघाले, ते त्यांनी कठडा घट्ट धरून थोपवले. गुलाबने मान तिरकी केली. आजी चार हातांवर आली. तीन हातांवर आली. मी मनातल्या मनात देवगडची एसटी बघून घेतली. आणि आयुष्यात प्रथमच विचार करायला मोकळा वेळ मिळालेला तो कुत्रा, खाली बसला.

बादली डचमळत पुढे गेली. परत येताना आजी थांबली आणि तवा तापलाय का बघावं तसं तिने गुलाबच्या डोक्याला एक बोट लावलं. सेक्रेटरी म्हणाले, “पास.” टाळ्या पडल्या. मी अण्णांना मिठी मारायला वळलो, तर कठडा रिकामा.

ते खोलीत कॉटवर बसले होते.

“बसला रे,” ते म्हणाले. “कुणी काही न सांगता बसला.”

“मग? जिंकलात की.”

“म्हणजे त्याला येत होतं.”

मी काहीतरी बोलणार होतो. पण अण्णा गप्प झाले होते, आणि तसं मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून थांबलो. बाहेर गॅलरीत आजी गुलाबला विचारत होती, “मासो खातलंस काय रे?” एरवी उत्तर अण्णांनी दिलं असतं.