मनगटावरची बोटं

चहाचा कप हातात देताना हिची बोटं माझ्या मनगटावर जरा जास्तच रेंगाळतात. माया नाही ती; बायको नाडी बघते.

जांघेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन डॉक्टरांनी माझे बिघडलेले ठोके मुद्दाम चाळवले, पडद्यावर त्यांचा रंगीत नकाशा काढला आणि ते जिथून उठत होते, तेवढीच जागा जाळली. "आता निर्धास्त राहा," म्हणाले. पण हे हृदय पहिल्यापासून लबाड. घरी धुमाकूळ घालायचं आणि तपासणीला नेलं की असं साळसूद व्हायचं, की खोटा मीच पडायचो. त्याच्या आजच्या शहाणपणावर विश्वास कसा ठेवायचा? ठोके सरळ पडू लागले की वाटतं, काहीतरी शिजतंय. बाहेरच्या माणसावर पाळत ठेवता येते. आपल्याच छातीत राहणाऱ्यावर कोण ठेवणार?

काल मी वैतागून हात ओढून घेतला. "रोज काय तपासतेस? बरा झालोय मी."

"हो ना," ही शांतपणे म्हणाली, "मग तो दुसरा हात छातीवर कशाला ठेवलाय?"

मी खाली पाहिलं. हात खरंच तिथं होता.