सिद्धूचा गेमिंग लॅपटॉप

कॉम्प्युटर रिपेरीच्या दुकानात किस्से धुळीसारखे साचतात. बसवकल्याणातल्या माझ्या दुकानात तर राजेश्वर गावच्या एकट्या सिद्धूचेच ढीगभर निघतील. उदगीरच्या पोरांशी ऑनलाइन मॅच खेळणाऱ्या टीमचा हा कॅप्टन. दोन मॅच हरला होता. तिसरी हरला की कॅप्टनकी टीममधल्याच त्याच्या मेव्हण्याकडे जाणार होती!

*

मी आधीच सांगितलं होतं, "गेमिंगला डेस्कटॉप घे."

यानं गेमिंग लॅपटॉप आणला. "अण्णा, गेम चालवणारं ग्राफिक्स कार्ड दोन्हीत एकाच नावाचं हाय. मग ते डबडं कामून उचलू?"

"अरे, नाव एक असलं तरी लॅपटॉपातल्या कार्डाला करंट कमी, हवा कमी. दम धरत न्हाई ते."

"तुमाला तुमचा माल खपवायचाय!"

अक्कल विकत मिळाली असती, तर यानं तीही ऑनलाइन मागवून परत पाठवली असती.

*

पंधरा दिवसांत हजर. "गेम अडकायलाय."

गादीवर ठेवून खेळत होता! खालच्या जाळ्या बंद, आत भट्टी.

"टेबलावर ठेव की!"

"नवी वस्तू हाय अण्णा, घासंल की!"

*

मग म्हणे, "चार्जर लावला की तापतंय, म्हणून काढून खेळायलोय. आता गार हाय, पण गेम मुंगीगत चालायलाय."

चार्जर काढला की लॅपटॉपचा जोर अर्ध्यावर येतो, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

*

एकदा उघडला, तर पंख्यात कुंकू! दर सोमवारी लॅपटॉपची पूजा.

मी भडकलो, "पूजा कर बाबा, पण मशीनच्या आत कुंकू जाता कामा नये!"

"बराबर हाय," म्हणाला. पहिल्यांदाच माझं ऐकलं, मला बरं वाटलं.

*

तिसऱ्या मॅचच्या आधी शहाणपण सुचलं. लॅपटॉप मेव्हण्याच्या गळ्यात मारून डेस्कटॉप नेला. दुकानात मी स्वतः चालवून दाखवला, गेम पाण्यासारखा!

सोमवारी मॅचच्या मधेच फोन. "अण्णा, तुमचं डबडं लॅपटॉपापेक्षा बी हळू चालायलंय! हरायलोय मी!"

माझ्या हातच्या मशीनला नावं? गाडी काढून राजेश्वर गाठलं. तोवर मेव्हणा कॅप्टन झाला होता, त्याच लॅपटॉपवर खेळून!

मी डेस्कटॉपचं झाकण उघडलं. ग्राफिक्स कार्डाची जागा रिकामी, मशीन कार्डाविनाच कसंबसं गेम ओढत होतं.

"कार्ड कुठंय?"

सिद्धूनं देव्हाऱ्याकडं बोट दाखवलं. कार्ड तिथं, हळद-कुंकू लावून, वर फूल.

"आज सोमवार न्हाई का? मशीनीत कुंकू जाऊ नये म्हणून काढून ठेवलो. तुमीच म्हणलाव की!"