मनगटावरचा हात

आयुष्यभर इंजिन चालवलं, पण एकही सिग्नल चुकवला नाही, हे गोविंदराव सावदेकर झाशीत येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. भुसावळहून ऐन तारुण्यात बदलून आलेला हा माणूस निवृत्तीनंतर दतिया गेटजवळ घर बांधून इथलाच झाला. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी छोटी कार घेतली. हौसेला मोल नसतं, आणि सावदेकरांच्या हौसेला तर लगामही नव्हता.

मागचं दाखवणारा कॅमेराही घ्या, असं मुलगा सुमेध फोनवर म्हणाला होता. "माझे डोळे शाबूत आहेत," म्हणून त्यांनी तो उडवून लावला. सेन्सर तेवढा गाडीबरोबर आपसूक आला. गाडी मागे घेताना आड काही आलं की तो पीं-पीं करतो, अंतर कमी झालं की घाई करतो. गोविंदरावांनी त्याचं कधी कौतुक केलं नाही, की त्याच्याबद्दल तक्रार केली नाही.

गाडी मागे घेताना शेजारी बसलेल्या कांचनबाई त्यांच्या मनगटावर हात ठेवत. भिंत जवळ आली की दाबत.

"एवढी कसली घाबरतेस गं? अख्खी मालगाडी हाकलीय मी!"

त्या हसत. हात मात्र काढत नसत.

परवा इलाइट चौराह्यावर कांचनबाई औषधं घ्यायला उतरल्या. परत येऊन पिशवी डिकीत ठेवायला त्या गाडीमागे गेल्या, आणि नेमका तेव्हाच समोरच्या गाडीला वाट द्यायला गोविंदरावांनी रिव्हर्स टाकला. पार्किंगवाल्यानं धावत येऊन काचेवर थाप मारली.

"दद्दा, रोको! पीछे अम्मा हैं!"

गाडी थांबली. कांचनबाई खाली बसलेल्या, गुडघा सोललेला, औषधं रस्त्यावर. "काही झालं नाही हो," त्या म्हणत होत्या. गोविंदरावांनी उतरून त्यांना हात धरून उठवलं. मग त्यांचा सगळा राग गाडीवर निघाला. औषधाच्या दुकानात पट्टी बांधून घेतली आणि थेट वर्कशॉप गाठलं.

"भैया, तुम्हारा सेन्सर खराब है। आज मेरी घरवाली मर जाती।"

विक्रम नावाचा मेकॅनिक गाडीत बसला. रिव्हर्स टाकून त्यानं मागे एक जुना टायर ठेवायला लावला.

"बज तो रहा है, अंकलजी।"

"कहाँ बज रहा है? मज़ाक मत करो!"

विक्रम गोंधळून कांचनबाईंकडे बघू लागला. त्या खाली मान घालून उभ्या होत्या.

"कांचन, वाजतंय?"

त्यांनी मान हलवली. वाजत होतं.

"तुला कधीपासून ठाऊक?"

"गाडी आणली त्या दिवसापासून. बोललेलं तुम्हाला ऐकू येतं, तो बारीक आवाज तेवढा येत नाही. ते नुसतं किंचाळत होतं आणि तुम्ही आपले निवांत गाडी मागे घेत होतात. मी हात दाबला, तुम्ही थांबलात. मग रोजच दाबू लागले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? निवृत्तीत इंजिन सुटलं तेव्हा कितीतरी महिने खिडकीत बसून होतात. जेवायला हाका मारून मी थकायची. परत तसं बघवलं नसतं मला."

गोविंदरावांना आधी राग आला, मग लाज वाटली. ज्या हाताला ते घाबरट म्हणत होते, त्याच्याच भरवशावर इतके दिवस गाडी चालली होती. रेल्वेत कानांच्या तपासणीत नापास झालेल्याला इंजिनावरून उतरवत. त्यांचा जोडीदार रमाकांत असाच उतरला होता. "वाईट वाटून घेऊ नकोस, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे," असं तेव्हा यांनीच त्याला समजावलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"आता घरापर्यंत तरी चालवा," कांचनबाई म्हणाल्या. "मी आहे ना शेजारी."

गोविंदरावांनी विक्रमकडून किल्ली घेतली. शेजारी ती असेल, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"तू शेजारी असशील गं. पण मागे दुसऱ्या कुणाची कांचन असेल."

त्यांनी किल्ली पुन्हा विक्रमच्या हातात दिली.

"गाड़ी ठीक है, भैया। घर छुड़वा देना। अब मैं नहीं चलाऊँगा।"

एवढं ते खणखणीत बोलले. दोघं रिक्षासाठी रस्त्यावर आल्यावर मात्र त्यांना रडू फुटलं, आणि भर बाजारात त्यांनी ते आवरलं नाही.